फुलं लगडली, फळ धरेना

त्या उन्हाळ्यात आत्याच्या प्लास्टिकच्या शेडमधली टोमॅटोची झाडं कमरेएवढी वाढली, पिवळ्या फुलांनी लगडली, आणि फळ मात्र औषधालाही नाही. सकाळी बघावं तर फुलं देठासकट खाली. पाणी वेळेवर होतं, खत होतं, कीड कुठे नव्हती. रोपं विकणाऱ्याने येऊन एक फेरी मारली आणि निकाल दिला, "वांझ निघाली. उपटून टाका."

आत्याला तो शब्द नवा नव्हता. तरुणपणी त्याच शब्दावर तिला सासरहून माहेरी आणून सोडलं होतं. पण तिने झाडं उपटली नाहीत, कारण एक गोष्ट तिला काही केल्या उलगडत नव्हती. उरलेली चार रोपं तिने शेडबाहेर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत खोचली होती. त्यांना घोसच्या घोस लागले होते. बी तेच, माती तीच, हातही तिचाच.

भाची दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. सुट्टीच्या दिवशी ती आली, शेडमध्ये शिरली आणि ओढणीने घाम पुसत म्हणाली, "आत्या, इथे माणूस शिजेल गं."

"माणसाचं जाऊ दे. फुलांचं सांग."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून भाचीने आत्याला लॅबमध्ये नेलं. सावलीतल्या फुलाची धूळ पाण्याच्या थेंबात घेऊन काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आत्याने एक डोळा मिटून पाहिलं. भिजवलेल्या वाटाण्यांसारखे टपोरे दाणे. मग शेडमधलं फूल. त्यात दाणेच थोडे, आणि होते तेही मनुकांसारखे सुरकुतलेले.

"हे काय?"

"पराग. फुलातला नराचा वाटा. कळी इवलीशी असते तेव्हा आत हा तयार होतो, आणि नेमकी तेव्हाच उष्णता त्याला सोसत नाही. वाचलं होतं मी. डोळ्यांनी आजच बघतेय."

"म्हणजे बाईचं अंग धड आहे?"

"असेल. उष्णता तिलाही लागतेच, पण कमी."

"असेल म्हणू नकोस. बघू या."

आत्याने मग शेडमधल्या न उमललेल्या कळ्या हलक्या हाताने उघडल्या, भाचीने दिलेल्या चिमट्याने आतले परागकोश काढून टाकले, आणि मधे उरलेल्या मादीच्या दांडीच्या टोकाला सावलीतल्या फुलांचा पराग लावला. प्रत्येक कळीला लाल दोरा बांधला. सावलीतल्या काही कळ्यांवर उलटा प्रयोग केला: तिथे परागकोश काढून शेडमधला पराग लावला, आणि तसाच दोरा. नंतर रोज उठल्याबरोबर ती आधी दोरे बघायची, मग चूल.

सावलीतली दोरा बांधलेली फुलं एकूण एक गळाली. शेडमधलीही बरीच गळाली. पण काहींच्या पाकळ्या वाळल्या, देठ मात्र हिरवाच राहिला. त्यांच्या बुडाशी हरभऱ्याएवढ्या गाठी धरल्या, आणि पुढे त्या फुगत गेल्या.

भाची आली तेव्हा आत्या त्यांच्यापाशीच बसली होती. एक गाठ दोन बोटांत धरून म्हणाली, "बयो, मला किती ठिकाणी तपासायला नेलं होतं माहितीये? नवऱ्याला एकदाही नाही."

भाची शेजारी मातीतच बसली. तिने विचारलं, "तेव्हा कुणी बोललं नाही?"

"कुणाला सुचलंच नाही. मलासुद्धा नाही." तिच्या आवाजात रडू नव्हतं. इतक्या वर्षांनी हिशेबातली चूक सापडावी, तसा होता तो.

दोघींनी मिळून शेडच्या बाजू गुंडाळून वर बांधल्या, छतावर सावलीची जाळी ओढली. तरी फुलं गळतच राहिली. आधीच भाजलेल्या कळ्या होत्या त्या, भाची म्हणाली, नव्या येईपर्यंत थांबायचं. नव्या आल्या, आणि टोमॅटो धरले. सावलीतल्यांइतके नाहीत, पण टोपली भरेल इतके.

रोपवाला पुन्हा आला, चकित झाला, कोणतं औषध मारलं म्हणून विचारू लागला. आत्याने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, कळी उघडून दाखवली. तो गेल्यावर ती कुंपणावरच्या काकडीच्या वेलाकडे वळली.

"हिच्यात नर-मादी फुलं वेगळीच येतात ना गं? मग उष्णता आधी कुणाला लागत असेल?"

"मला नाही माहीत," भाची म्हणाली.

आत्या वेलाची पानं बाजूला सारून कळ्या शोधू लागली.