रिकिबीची गाठ

आमच्या सासरी बऱ्याच पुरुषांना टाचेच्या वर, मागच्या शिरेवर जाड गाठ असते. "रिकिबीची गाठ!" असं म्हणत अप्पासाहेब, माझे चुलत सासरे, ती पाहुण्यांना दाखवतात. म्हणे पूर्वज घोड्यांवरून बेंगळुरात आले, रिकिबीत पाय रोवून ही खूण पडली आणि रक्तात उतरली. आता घरात स्कूटरपलीकडे काही नाही, पण ऐट घोडदळाची. अप्पासाहेबांना मात्र स्वतःला गाठ नाही, आणि ऐंशीला टेकले तरी ते दुःख त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

माझे सासरे चव्वेचाळिसाव्या वर्षी बसल्याजागी गेले, थोरले दीर त्याहून लवकर. "शूर माणूस म्हातारा होत नाही," असं म्हणत त्यालाही घरात शौर्याचाच मुलामा दिला जायचा.

खंडेनवमीला तलवारीची पूजा झाली की सुनांनी घरातल्या पुरुषांचे पाय धुवायचे. मी लग्न झाल्यापासून धुसफुसतच धुतेय.

यंदा त्याआधी नवऱ्याला, शंभूराजना, घेऊन मी जे. पी. नगरच्या सरकारी दवाखान्यात बीपी दाखवायला गेले. डॉ. पवित्रा यांनी पायांना सूज आहे का बघता बघता त्यांची टाच दाबून पाहिली आणि वडील कशाने गेले ते विचारलं. मग कन्नडात समजावलं, की हे कोलेस्टेरॉल आहे. आईबापाकडून येतं, जन्मापासून साठत जातं. टाचेवर दिसतं तेच हृदयाच्या नळ्यांतही साठतं.

"घरात अजून कुणाकुणाला आहे?"

शंभूराज डोकं खाजवू लागले. मी डोळे मिटले आणि बोटांना सगळं आठवलं. सासरे, थोरले दीर, बसवनगुडीचे चुलत दीर. गेले ते सगळे गाठवाले. अप्पासाहेबांची टाच तेवढी गुळगुळीत. इतक्या पिढ्या या घराबरोबर चालत आलेलं मरण दरवर्षी माझ्या हातांखालून जात होतं.

"आणि बायकांना?"

"बायकांचे पाय आमच्याकडे कुणी धुतच नाही," मी म्हणाले, आणि मला शिवानी आठवली. "आमची लेक दहा वर्षांची आहे, तिची टाच तर साफ आहे."

"लहान मुलांच्या टाचेवर सहसा दिसत नाही, अक्का. रक्त तपासायला हवं. तिचं आणि घरातल्या सगळ्यांचं."

त्या आठवड्यात सगळं खानदान बाह्या वर करून दवाखान्यात हजर झालं. रिपोर्ट आले. शंभूराजना होतं आणि शिवानीलाही. मी तिथेच रडायला लागले.

"अक्का, स्वल्प, थोडं ऐका," डॉक्टरांनी माझा हात धरला. "हिच्या आजोबांचं कुणाला कळलंच नाही. हिचं दहाव्या वर्षी कळलंय. गोळ्या नेमाने घेतल्या तर ही आजी होईल."

आजी! या घरातल्या गाठीवाल्यांपैकी नातवंड पाहिलेलं एकही माणूस मला आठवेना.

रिपोर्ट घरी सांगितले तेव्हा अप्पासाहेब कितीतरी वेळ आपल्या साफ टाचेवरून हात फिरवत राहिले. "हीच गाठ मिळावी म्हणून जन्मभर देवाशी भांडलो गं," एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला मी पहिला पाट शिवानीसाठी मांडला. नणंदा एकमेकींकडे बघू लागल्या. अप्पासाहेब उठले, तांब्या उचलून स्वतः तिच्या पायांवर पाणी घालू लागले. "सरी, सरी, बरोबर आहे. आधी पोरीचे."

मी तिची टाच हातात घेतली. मऊ, गुळगुळीत. ती तशीच राहावी म्हणून सकाळची गोळी तिने माझ्यासमोर घेतली होती.

"आई, सोड ना," शिवानी खिदळली, "गुदगुल्या होतात."

मी काही सोडली नाही.