निळ्याची बाजू

"कालवू नकोस गं. नुसता पुढे-मागे फिरव. जाता-येता केसभर बाजूला सरक, बास. निळ्याला पिवळ्याकडे त्याच्या पायांनी जाऊ दे."

सुचिताताईंनी हे जयमालाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पडवीत त्या दोघीच होत्या. चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी संपवून ताई मांडव्याजवळच्या या घरात राहायला आल्या होत्या, आणि जयमाला त्यांच्याकडे स्वयंपाकाला यायची. लिनोच्या मऊ पाटीवर चित्र कोरलेलं, काचेवर शाया शेजारी शेजारी ठेवलेल्या, आणि त्यांच्यावरून फिरणारा रबरी रोलर. फिरता फिरता दोन रंगांमधली रेघ विरघळायची आणि मधे न ठेवलेला तिसराच रंग दिसायला लागायचा. तो रोलर मग लिनोवर फिरवायचा, वर कागद दाबायचा, की खाडीवरचं आख्खं आकाश एका दमात उमटायचं. 'त्याच्या पायांनी' हे ताईंनी आपल्यासाठीच जुळवलेलं बोलणं आहे, असं जयमाला इतकी वर्षं धरून चालली होती.

आज दाराशी चपला काढताना तेच शब्द, तसाच लाडाचा 'गं' तिच्या कानावर आला. आत नेत्रा होती.

नेत्रा बांधापलीकडच्या मिठागराच्या आळीतली नवी सून. ताईंकडे कोळंबी द्यायला यायची. जयमाला पौर्णिमेला विहारात घेतलेलं आठ नियमांचं अष्टशील पाळायची. पांढरी साडी नेसायची, दुपारनंतर अन्न घ्यायची नाही, आणि शाईला हात लावायची नाही. शेवटचा नियम शीलांतला नव्हता, पांढऱ्यावर डाग नको म्हणून तिने आपणहून घातलेला. त्या नियमातूनच मागच्या पौर्णिमेला नेत्रा आत शिरली. ताईंचं मनगट थरथरायला लागलं होतं, काम अडलं होतं, आणि कोळंबीची पिशवी खाली ठेवून नेत्रा म्हणाली होती, "आणा, मी फिरवतंय."

शाई बरोबर पसरली की रोलरचा आवाज बदलतो, भाकरीतून वाफ सुटावी तसा बारीक होतो. तो आवाज लागायला जयमालाला एक पावसाळा गेला होता. नेत्राचा त्याच दुपारी लागला. ताईंनी हे जयमालाला दुसऱ्या दिवशी फार आनंदाने सांगितलं.

तेव्हापासून वंदनेला बसलं की नेत्राच्या मनगटावर सरकवलेल्या हिरव्या बांगड्या डोळ्यांपुढे यायच्या. सगळे प्राणी सुखी होवोत, असं म्हणताना तो चेहरा आला की ती घाईने पुढच्या ओळीवर जायची.

परवा मुंबईत ताईंचं प्रदर्शन होतं. लोकांसमोर रोलर फिरवून दाखवायचा होता, आणि सोबत ताई एकीलाच नेणार होत्या. म्हणून आज पौर्णिमेचा उपोसथ असूनही जयमाला आली होती. हात लावणार नव्हती. नुसती बघणार होती.

"या मावशी," नेत्रा म्हणाली. "लांब उभ्या ऱ्हावा, नायतर साडीच्या या दुधात शाई पडायची."

काचेवर निळा, पिवळा, शेंदरी लागले होते. शेंदरी खाली, पाण्यालगत, निळा वर. नेत्राने पहिला छाप काढला. चांगला आला. इतका चांगला, की जयमालाने नजर खिडकीकडे नेली.

मग नेत्राने रोलर उताणा ठेवला, पदराने गळा पुसला आणि टेबलाला वळसा घालून तो पलीकडून उचलला. रोलर फिरला होता. निळ्याची बाजू शेंदरीवर येत होती. जयमालाला ते दिसलं. 'थांब' म्हणण्याएवढा वेळ होता.

रोलर काचेवर टेकला. एका फेरीत सगळ्याचा खाडीतला चिखल झाला.

"आई गं," नेत्रा म्हणाली आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

ताई काचेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जयमाला, तू इथेच होतीस ना?"

"व्हय."

"तुला दिसलं नाही?"

चष्मा घरी राहिला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ताईंनी विश्वास ठेवला असता. खोटं बोलणार नाही, हे सकाळीच विहारात हात जोडून म्हटलेलं. पण गप्प राहणार नाही, असं काही त्यात म्हटलेलं नव्हतं, आणि मघाशी तिने तेवढ्याच फटीत पाय रोवला होता.

"दिसलं," ती म्हणाली. "टेकायच्या आधीच दिसलं व्हतं."

नेत्राने तिच्याकडे पाहिलं. "मंग मावशी, आज बोलायचा पन उपास हाय काय?"

नेत्राने पदर झटकला, कोळंबीची रिकामी पिशवी उचलली. "ताई, तुमी यांनाच न्या. मी उद्या येत न्हाय." आणि ती गेलीसुद्धा.

ताईंनी थरथरणारं मनगट दुसऱ्या हातात धरलं. "तिलाच नेणार आहे मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ता ठरवलं नाही, आधीच ठरवलं होतं. तुझा हात मी बसवलाय, जयमाला. तिचा बसलेलाच आलाय."

जयमालाने पांढरा पदर आवरून घेतला.

"पण चार लोक बघायला लागले की ती पुन्हा असाच उलटा धरेल. हाताला हात लावून दाखवायला मला आता जमत नाही. तू दाखवशील?"

बाहेर कुणाच्या तरी कुंपणावर वाळत घातलेली जाळी वाऱ्याने हलत होती. जयमाला तिकडे बघत होती.

"दाखवीन."

"बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"पौर्णिमेचं बोलत्येय, ताई."

दुसऱ्या दिवशी वंदना आटोपून तिने दाराला कडी घातली. नेत्राबद्दलचं ते सलणं गेलेलं नव्हतं. जागचं हललंही नव्हतं. त्याला तसंच घेऊन ती निघाली. नाक्यावर रिक्षा भरत होत्या. रिक्षावाल्या सदाने मागच्या बाकावर जागा करत विचारलं, "जेट्टीला ना मावशी? मुंबईची पहिली बोट मिळंल."

"न्हाय रे. बांधापलीकडं जायचंय."

"तिकडं रिक्षा न्हाय जात."

"ठाव हाय."

भरती अजून लांब होती. उतारावर तिने चपला काढून हातात घेतल्या, साडी जराशी वर खोचली आणि मिठागराच्या बांधावर पाऊल ठेवलं.