नकुशीची ना-हरकत

अनसाबाईनं पाणी तोडलं होतं. म्हातारी रुसली नव्हती, की कसला उपासही नव्हता. पाणी प्यालं की जावं लागतं, आणि जायला जागा नव्हती, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास अंगणातल्या न्हाणीत पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शिरूरच्या दवाखान्यात सळई घातली. डॉक्टरांनी बजावलं, "आजी, उकिडवं बसायचं आता विसरा." संडास परसाच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून, तोही उकिडवं बसायचाच. मग सून करिश्मा कंपनीच्या गाडीला जायच्या आधी खाटेखाली भांडं सारायची आणि आल्यावर उचलायची. सुनेच्या हातात ते भांडं गेलं की म्हातारी डोळे मिटून घ्यायची. आधी चहा सुटला, मग ताक, मग पाणी. भाकरीचा तुकडा ती तोंडात घोळवत बसायची.

लेकानं, ईश्वरनं, मनावर घेतलं. न्हाणी पाडायची, म्हातारीच्या खोलीला लागून बाथरूम बांधायचं, भिंत फोडून आतूनच दार काढायचं, धरायला दांडी, बसायला कमोड. गवंडी ठरला, फरशी आली. आणि तिथंच काम अडलं.

"आक्का, तुझी एक सही पायजे," त्यानं दौंडला बहिणीला फोन लावला.

"बाथरूमला बी सही लागती व्हय रं?"

"लागत न्हवती. आपल्या चुलतभावाला बघवंना ना. बाळासोनं ग्रामपंचायतीत अर्ज दिला, बोळ सामाईक हाय म्हणून. टाकीचा खड्डा बोळात येतोय. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणले, घराच्या उताऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्यांची ना-हरकत आणा, मंग परवानगी देतो. थोरल्या दोघींच्या सह्या झाल्या."

"मंग मी उद्याच येते की."

तिकडं ईश्वर घुटमळला. "आक्का, उताऱ्यावर तुझं ते नाव हाय."

ज्ञानेश्वरीच्या हातातली परात तशीच राहिली.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत तिला सगळे ज्ञानेश्वरीच म्हणत. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते नाव कोरलं होतं आणि ती कोवळी पोर त्या तांदळाकडं बघत राहिली होती. रेशनकार्ड, आधार, बँक, सगळीकडं तेच नाव. पण त्याआधी, दोन मुलींच्या पाठीवर ती तिसरी झाली, तेव्हा आजीनं, बापाच्या आईनं, पाळण्यापाशी सांगितलं होतं, "नको आता पोरी. हिचं नाव नकुशी." आणि नावानं गुण दिला म्हणे. पुढच्याच खेपेला ईश्वर झाला. मग त्याच आजीनं पाठीवर भाऊ आला म्हणून नकुशीला पाटावर पालथं निजवून तिच्या पाठीवर गूळ फोडला, सगळ्या वस्तीला वाटला. पाठ लाडकी झाली, पोर नकोशीच राहिली. बाप वारला तेव्हा वारसनोंदीला गावातल्या कुणीतरी तेच नाव सांगितलं. ते तिथं जाऊन बसलं, अजून बसलेलं होतं.

ईश्वरनं उताऱ्याचा फोटो पाठवला. फोन होता तिच्या पोरीच्या, प्रगतीच्या हातात.

"मम्मी, ही नकुशी कोण गं?"

"हाय एक. माहेरची."

"कसलं नाव! आईबापानं ठेवलं का वैऱ्यानं?" प्रगती हसली.

ज्ञानेश्वरी पीठ मळत राहिली. मऊ झालं तरी मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं शिरूरला उतरली. कचेरीबाहेरच्या टायपिस्टानं प्रतिज्ञापत्र बडवलं, नकुशी भिमाजी कोळपे उर्फ ज्ञानेश्वरी संपत पिंगळे, या दोन्ही नावांची बाई एकच. "उर्फ म्हणलं की चोराचिलटाचं नाव वाटतं बघा ताई," तो हसत म्हणाला, "पण दुसरा शब्द न्हाई आमच्याकडं." तिनं सही केली. हात ज्ञानेश्वरीकडं वळत होता, तो ओढून तिनं आडवं-तिडवं 'नकुशी' लिहिलं. शाळेतल्या पाटीवर लिहायची तसंच ते उमटलं, 'शी'ची वेलांटी डोक्यावरून पदर पडल्यासारखी.

तळेगाव ढमढेरेच्या अलीकडं फाट्यावर जीपमधनं उतरून ती वस्तीवर पोचली, तेव्हा ग्रामसेवक येऊन बसलेले. सत्यजीत नाव, पोरगेलं वय, मांडीवर हेल्मेट. गावाच्या रीतीनं सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. दाराच्या चौकटीला टेकून बाळासो उभा होता.

"प्रतिज्ञापत्र ठीक आहे," भाऊसाहेब म्हणाले. "पण या दादांनी लेखी हरकत घेतलीय, नकुशी म्हणजे ह्याच बाई कशावरून? मला आजींचा जबाब घ्यावा लागेल. जन्म देणारीनं सांगितलं की मिटलं."

"घ्या की," ईश्वर म्हणाला. "आयेपरास कोण सांगणार?"

अनसाबाईला उशीला टेकवून बसवलं. ज्ञानेश्वरी खाटेच्या कडेला बसली. म्हातारीनं तिचा हात आपल्या हातात घेतला. नेहमीच घ्यायची.

"आजी, ह्या कोण तुमच्या?"

"लेक. धाकली."

"नाव काय?"

म्हातारी लेकीच्या तोंडाकडं बघून हसली. "मैना."

भाऊसाहेबांनाही हसू आलं. "लाडाचं नको आजी. कागदावरचं सांगा."

"मैनाच."

"मग नकुशी कुणाचं नाव?"

अनसाबाईचं हसू मावळलं. "कुणाचं न्हाई. त्या नावाची कुणी माझ्या पोटी आली न्हाई."

बाळासोनं मांडीवर थाप मारली. "ऐका! मी काय म्हणत हुतो, भाऊसाहेब?"

"आये!" ईश्वर ओरडला. "अगं, तुझ्याच संडासासाठी चाललंय हे! नीट बोल की!"

"नीटच बोलले."

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. दारापाशी ईश्वरला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "दादा, हे आत्ता लिहून घेतलं तर तुमच्यावरच उलटेल. मी काही लिहीत नाही. परवा मासिक सभा आहे, ती चुकली तर विषय पुढं जाईल. उद्या सकाळी येतो. तोवर आजींना समजवा."

सगळे गेले. ईश्वर रागारागानं विटांच्या ढिगावर जाऊन बसला. घरात दोघीच राहिल्या.

ज्ञानेश्वरीनं कोमट पाणी आणलं आणि आईचं अंग पुसायला घेतलं. पाठ पुसताना एकेक मणका हाताला लागत होता, वाळल्या शेंगेतल्या दाण्यांसारखा. ओठांना भेगा पडल्या होत्या. तिनं पेला तोंडाशी धरला. म्हातारीनं मान फिरवली.

"घे की गं घोटभर."

"नको. करिश्मा दमून येती. अजून एक काम तिला."

"मी हाय की आज."

"तू आज हायेस."

ज्ञानेश्वरीनं पेला खाली ठेवला. "आये, एका शब्दाचा तर परश्न हाय. उद्या म्हणून टाक."

"मी न्हाई घेतलं ते कवा."

"ठावं हाय मला," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं साचलेलं तिच्याही नकळत बाहेर पडलं. "जात्यावर बसलीस की सगळ्यांच्या ओव्या गायचीस. थोरलीची, मधलीची, ईश्वरच्या तर पायलीभर. कपिलीची बी गायलीस, गाय हुती ती. मी जात्याच्या पाळीपाशी पीठ गोळा करत बसायची. वाटायचं, आता माझं नाव येईल, आता येईल. दळण संपायचं."

अनसाबाईनं डोळे मिटले. मग तिचे ओठ हलले. आवाज कसला, जात्याची शेवटची घरघर. पण चाल तीच होती.

सासूनं ठेविलं नाव, पाळण्याशी बाई,
दोरी हालविली मी गं, नाव घेतलं न्हाई.

"ही कवा गायलीस?"

"तू निजल्यावर." म्हातारीनं लेकीच्या मनगटावर बोटं फिरवली. "बारा दिसांची वली बाळंतीण मी. सासूम्होरं तोंड उघडायची सोय न्हवती. पोरीला नाव काय ठेवावं, हे बी माझ्या हाती न्हवतं. मंग म्या मनाशी धरलं, आपल्या तोंडून हे जायचं न्हाई. सासूनं हाका मारल्या, गावानं मारल्या, तुझ्या बापानं बी मारल्या. म्या न्हाई मारली. तेवढंच हुतं गं माझ्यापाशी, तुला द्यायाला."

ज्ञानेश्वरीला वाटलं, आईच्या कुशीत डोकं घालावं आणि ही परवानगी, तो बाळासो, तो उतारा, सगळं वाऱ्यावर सोडून द्यावं. लहानपणापासून जी जागा रिकामी म्हणून चाचपत आली, तिथंच आईनं सगळं ठेवलं होतं. पण समोर पेला होता. भरलेला. त्यात माशी पडली होती.

तिनं माशी काढली, पाणी ओतलं, नवं भरून आणलं.

"आये, पी."

"नको."

"मंग उद्या म्हण."

"मैने, दुसरं काय बी माग."

"दुसरं मला काय नको. तू पोटभर खावंस, तुझी तू उठून जावंस, दार लावून बसावंस, एवढंच पायजे." तिचा आवाज चढला. "अगं, त्या नावाला काय काटे हायेत? नकुशी! बघ, मीच म्हणले. नकुशी. मला काय झालं?"

अनसाबाईनं तळवा लेकीच्या तोंडावर दाबला. तशाच दोघी बसून राहिल्या. बाहेर ईश्वर विटेवर वीट आपटत होता. त्या तळव्याला ओल लागली तेव्हा म्हातारीनं हात काढून घेतला.

"म्हणीन," ती म्हणाली. "तू म्हणतीस म्हणून."

सकाळी भाऊसाहेब आले. बाळासो आला. करिश्माही पहिली पाळी चुकवून थांबली होती. ज्ञानेश्वरी कालच्याच जागी बसली, पण आज म्हातारीचे दोन्ही हात गोधडीखाली होते.

"आजी, ह्या तुमच्या कोण?"

"लेक."

"नाव?"

अनसाबाई समोरच्या भिंतीकडं बघत होती, जिथं दार काढायचं म्हणून ईश्वरनं खडूनं चौकट आखली होती. त्या चौकटीकडं बघत तिनं ओठ हलवले.

"आजी, ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं."

"मोठ्यानं बोल काकू," बाळासो म्हणाला.

"नकुशी," अनसाबाई म्हणाली. मोठ्यानं. घोगऱ्या, फाटक्या आवाजात. "नकुशी हाय ती. माझी नकुशी. झालं का तुमच्या मनासारखं?"

भाऊसाहेबांनी खाली मान घालून लिहिलं, वाचून दाखवलं, शाईची पेटी पुढं केली. करिश्मानं गोधडीखालून म्हातारीचा हात काढला आणि अंगठा उमटवला.

"लिवलं का?" म्हातारीनं विचारलं.

"लिहिलं, आजी."

"आता खोडा."

भाऊसाहेब गडबडले. "आजी, खाडाखोड केली तर कागद बाद होतो."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि कूस वळवायचा प्रयत्न केला. मोडक्या खुब्यानं वळता येईना. करिश्मानं वळवलं. तोंड भिंतीकडं, पाठ लेकीकडं.

परवानगी मिळाली. सभेत बाळासो पुटपुटला, पण त्याच्या बाजूनं हात कुणी वर केला नाही. न्हाणी पाडली, खड्डा खणला, भिंत फोडून दार बसलं. पांढरी फरशी, निळा कमोड, भिंतीला चकचकीत दांडी. सासूची खबर द्यायला करिश्माचे फोन यायचे, "आक्का, आत्या आज कालवणाला वाटी पुढं करत हुत्या." "आक्का, आज एकल्या गेल्या, मला हाक बी न्हाई मारली." ज्ञानेश्वरी ऐकायची. मग विचारायची, "माझं काय काढलं का?" तिकडून करिश्मा म्हणायची, "झोपल्यात बघा आत्ता."

उन्हं तापायला लागली तेव्हा ती माहेरी गेली. ईश्वर आणि करिश्मा दोघंही कंपनीत होते. म्हातारीच्या गालावर मांस आलं होतं. वॉकर धरून ती खोलीत फिरत होती. लेकीला बघून म्हणाली, "आलीस?" आणि दुसरीकडं बघून, "भाकरी टोपलीत हाय."

ज्ञानेश्वरी जवळ जाऊन बसली. हात पुढं ठेवला, अगदी आईच्या मांडीजवळ. म्हातारीनं पदर सावरला, वॉकर ओढला. "आंघूळ करते," म्हणाली.

"मी पाणी घालू?"

"जमतं माझं मला."

दार लागलं. आतून कडी वाजली. बादलीत धार सुरू झाली. ज्ञानेश्वरी दाराबाहेर भुईवर बसून राहिली. आत तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मध्येच दांडीला हात घासल्याचा. मग तो थांबला. बराच वेळ काहीच नाही.

टॉवेल खाटेवर राहिला होता. ज्ञानेश्वरीनं तो उचलला आणि दाराशी उभी राहिली. आई आता हाक मारील, तिला वाटलं. घरात दोघीच होत्या.

आत म्हातारी खाकरली. एकदा, दोनदा. हाक ओठांपर्यंत येऊन परत जात असावी.

"करिश्मा," शेवटी तिनं हाक मारली. "करिश्मा, टावेल दे गं."

ज्ञानेश्वरीनं टॉवेलाची घडी केली. कडी निघाली, दार बोटभर किलकिलं झालं, ओला सुरकुतलेला हात बाहेर आला. तिनं त्यावर टॉवेल ठेवला. हात आत गेला आणि कडी पुन्हा लागली.