‘दार लोटून ठेव’चं पहिलं कडवं

अर्विन पेटिफर्डनं ते गाणं रचलं लिओटाच्या स्वयंपाकघरात, ती इस्त्री करत असताना. पियानो नव्हताच, तो टेबलावर बोटं नाचवायचा आणि गुणगुणायचा. ‘दार लोटून ठेव’ हे ध्रुवपद नंतर सुचलं. आधी जमलं कडवं, आठ ओळींचं, सगळं तिच्याच घरचं: ‘पापिन रस्त्यावर तिसरं दार, खळीचा वास नि कॉफी गार...’

त्याच वर्षी पानं गळायला लागली आणि तो शिकागोला गेला. “महिन्याभरात बोलावून घेतो,” म्हणाला. महिना सरला, वर्ष सरलं.

दोन वर्षांनी मार्केट स्ट्रीटवर तबकड्या विकणाऱ्या प्रुइटकाकांनी तिला हाक मारली. “लिओटा, तुझ्या माणसाचं गाणं आलंय बघ!”

न्यूयॉर्कच्या एका गोऱ्या बँडनं ते वाजवलं होतं. शब्द नव्हतेच. ध्रुवपद तेवढं तीनदा, पाठीमागं कुत्रं लागल्यासारखं.

“कडवं कुठंय?” तिनं विचारलं.

“अगं, तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावतात. लोकांना नाचायचं असतं. कडव्यावर कोण नाचतंय?”

मग शिकागोच्या एका बाईनं ते गायलं. मागं पियानोवर कोण, हे तबकडीवर छापलेलं नव्हतं, पण डाव्या हाताची ती रेंगाळणारी चाल लिओटानं दोन सुरांत ओळखली. त्यातही कडवं नव्हतं. त्यानंतर चार पुरुषांनी मिळून गायलं, मग आणखी एका बँडनं वाजवलं. प्रत्येक तबकडी ती घरी आणत गेली.

“चार तबकड्या अन् गाणं एकच!” तिची बहीण व्हर्नी म्हणायची. “त्यापेक्षा एक नवरा आणला असतास तर त्यानं कोळसा तरी आत आणून टाकला असता.”

“वेळेत बसत नाही म्हणून गाळतात गं. घेतील कधीतरी.”

तिला मनोमन वाटायचं, दरवेळी अर्विन त्या लोकांशी कडव्यासाठी भांडत असणार.

तो गेल्याला सात वर्षं झाली तेव्हा त्याचं पत्र आलं. न्यूयॉर्कची एक नावाजलेली गायिका तबकड्या भरायच्या नव्या विजेच्या यंत्रावर हे गाणं म्हणणार होती, साथीला अर्विनच होता, आणि तिला सुरुवातीचं कडवंही हवं होतं. ‘मला काही केल्या आठवत नाही,’ त्यानं लिहिलं होतं. ‘तुला आठवत असेल तर लिहून धाड.’

लिओटानं पायरीवर उभ्या उभ्याच ते तीनदा वाचलं.

“विसरला?” व्हर्नी म्हणाली. “मेल्याला आठ ओळी लक्षात राहू नयेत? बरं, दे लिहून. मोकळी हो एकदाची.”

लिओटानं पेन्सिल घेतली, कडवं लिहून काढलं. कागदावर ते सामानाच्या यादीसारखं दिसत होतं. तिनं तो फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: ‘सगळं आठवतं. लिहून धाडण्यासारखं नाही ते. ये, म्हणून दाखवते. रविवारी मी घरीच असते.’

पुढचे पाच रविवार तिनं हिरवा झगा घातला आणि कोंबडी तळली. व्हर्नी मुकाट्यानं जेवायची. पाचव्या रविवारी मात्र तिच्यानं राहवलं नाही. “पुढच्या खेपेला अर्धीच तळ,” ती हळूच म्हणाली.

वसंतात ती तबकडी आली. प्रुइटकाकांनी लिओटाला खुर्ची दिली आणि सुई ठेवली. आवाज असा स्वच्छ, जणू बाई शेजारी उभी राहून गातेय. आणि कडवं होतं! पण त्यात चंद्र होता, नदी होती, नदीकाठी फुलं होती. कुणाकडून तरी नवं लिहून घेतलेलं.

“छान आहे की,” काका म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. “हे नव्हे का ते?”

“नाही, काका.”

“बंद करू?”

“राहू द्या. पुढं पियानो आहे.”

तीही तबकडी तिनं घेतली. घरी आल्यावर कोट न काढताच तिनं ग्रामोफोनला चावी दिली आणि तबकडीच्या कडेपासून बोटभर जागा सोडून, कडवं संपतं तिथं सुई टेकवली. अर्विन वाजवत होता, पूर्वीपेक्षा जरा सावकाश, चुकेन की काय अशा धास्तीनं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती ऐकत राहिली.

“जेवण थंड होतंय,” आतून व्हर्नी ओरडली.

“आले,” लिओटा म्हणाली, आणि सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली.