यादीखालची सही

मी डूख धरणारी बाई आहे. आई म्हणायची, हिला पाळण्यात कुणी चिमटा काढला असेल तर त्याचंही नाव ही सांगेल. आईचं काही चुकत नव्हतं. त्यामुळे कॉलेजने मला डीन केलं आणि सगळे सहकारी 'अरेरे, आता शिकवणं सुटलं, मेली बिचारी फायलींत' म्हणून हळहळले, तेव्हा मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

आमचं कला शाखेचं कॉलेज आहे. इथले प्राध्यापक डीनच्या खोलीवरून जाताना दवाखान्यावरून गेल्यासारखे जातात. कुणालाच ती जागा नको असते. प्राचार्यांनी आधी इतिहासवाल्याला विचारलं, तर त्याची पाठ दुखायला लागली. तत्त्वज्ञानवाल्याने विचार करून सांगतो म्हटलं, तो अजून विचारच करतोय. मी मात्र प्राचार्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चष्मे बनवतो, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्याला वाईट सवय आहे. "तुला जागा नकोय," तो म्हणाला, "तुला तो माणूस हवाय."

"हवाच आहे," मी म्हटलं. "चौदा वर्षं हवाय."

तो माणूस म्हणजे माझ्याआधीचा डीन. त्याला आम्ही इस्त्रीसाहेब म्हणायचो. शर्टाला कधी सुरकुती नाही, आवाजालाही नाही. चौदा वर्षांपूर्वी मी इथे तासिका तत्त्वावर होते. म्हणजे वर्ग असेल तर नोकरी, नाहीतर नमस्कार. वर्ग एकच होता, पण मीच आखलेला, 'पत्रांतून इतिहास'. लोकांच्या घरातल्या ट्रंका उघडून जुनी पत्रं आणायची आणि वाचायची. मुलं वेडी झाली होती त्या वर्गासाठी. फक्त सातच होती, एवढाच काय तो दोष.

आणि इथला नियम आठाचा. सत्राच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पट मिटतो. आठपेक्षा कमी मुलं असलेल्या वर्गांची यादी डीनकडे जाते. एखादा वर्ग वाचवायचा असेल तर डीनने त्याच्यासमोर हाताने 'चालू ठेवा' लिहायचं आणि कारण द्यायचं, एक ओळ. काही न लिहिता खाली सही केली की यादीतले सगळे बंद. त्याच संध्याकाळी मुलांना दुसऱ्या वर्गांत टाकतात, आणि मग ते ब्रह्मदेवालाही फिरवता येत नाही.

इस्त्रीसाहेबांना माझ्यासाठी एक ओळ लिहायला जमलं नाही. मी सोमवारी विचारायला गेले तर बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, साहेब बैठकीत आहेत. त्या वर्षी मी तीन गावांतल्या तीन कॉलेजांत शिकवलं आणि बसमध्ये पेपर तपासले. आई आजारी होती, तिच्या उशाशी बसायला मला रविवारच मिळायचा. एका बुधवारी ती गेली. याचं खापर मी त्या माणसावर फोडलं, आणि अजूनही फोडते. असेल अन्याय तर असू दे.

पाच वर्षांपूर्वी मी कायम होऊन इथे परत आले, तेव्हा मुलाखतीला हाच समोर. गोड हसून म्हणाला, "आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच येताय ना?" काय तो साळसूदपणा! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुढच्या दोन प्रश्नांची मी काय उत्तरं दिली देव जाणे.

आता तो डीनपदावरून उतरला होता. पद सोडलेल्याने शेवटचं वर्ष पुन्हा शिकवायचं, ही इथली पद्धत. सत्राला एक वर्ग घ्यायचा, मुलांत बसायचं आणि मग निवृत्त व्हायचं. पण शेवटच्या वर्षी हाती एकही वर्ग नसेल, तर महिनाअखेरीला घरी. हा नियमही त्यानेच केलेला. त्याच्या वर्गाचं नाव 'राज्य आणि नागरिक'. सगळ्या स्टाफरूमला तो सांगत फिरला, "एकदा शिकवायचं राहिलंय हो नीट. इतकी वर्षं नुसत्या सह्याच केल्या."

वेळा आणि खोल्या डीन ठरवतो. मी त्याला सकाळी साडेसातची वेळ दिली, आणि मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बँडच्या सरावाच्या खोलीशेजारी. तो राज्याची व्याख्या सांगत असायचा आणि पलीकडून ढोल बडवले जायचे. मला लाज वाटली का? अजिबात नाही. मी रोज सकाळी पटवाल्या बाईंकडे जायचे. प्रवेशाची नोंद त्यांच्याकडे असते. सहज विचारल्यासारखं विचारायचे, "काय, त्या मागच्या इमारतीत किती?"

पहिल्या सोमवारी अकरा होते. गुरुवारी नऊ. दुसऱ्या बुधवारी सात. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये दोन कप कॉफी प्यायले, एकटीच, एकामागून एक.

शुक्रवारी साडेचारला पटवाल्या बाई यादी ठेवून गेल्या. "मॅडम, वाचून सही करा हं, या वेळी जरा मोठी आहे," म्हणाल्या. माझं लक्ष कुठलं असायला! माझं बोट सरसर खाली गेलं आणि 'राज्य आणि नागरिक' या ओळीवर थांबलं. सात. इतका देखणा आकडा मी कुठल्या कागदावर पाहिला नव्हता.

तेवढ्यात तो आत आला. पहिल्यांदाच त्याची कॉलर चुरगळलेली दिसली.

"मॅडम, एक विनंती होती," तो म्हणाला. "माझा वर्ग सातवर अडकलाय. तुम्ही एक ओळ लिहिलीत तर... शेवटचं वर्ष आहे. मुलं चांगली आहेत हो. ढोलांतही थांबली."

चौदा वर्षं मी हे भाषण पाठ केलं होतं. बसमध्ये, आंघोळीला, आईच्या उशाशी. आता ते सगळं बाहेर आलं. सात मुलं, ट्रंकेतली पत्रं, सोमवार, बाहेरचा बाक, 'साहेब बैठकीत आहेत', तीन गावं, बुधवार. आवाज चढला माझा, चढू दिला. "एक ओळ, सर! तुम्हाला माझ्यासाठी एक ओळ लिहिता आली नाही!"

तो ऐकत राहिला. कपाळाला आठ्या घालून, मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "तुम्ही आधी इथे होतात?"

मला वाटलं, नाटक करतोय. मी वर्गाचं नाव सांगितलं, साल सांगितलं, खोली कुठली तेही सांगितलं. "हो हो," तो घाईघाईने म्हणाला, "आठवलं, आठवलं." आणि मला स्पष्ट दिसलं की त्याला काडीचंही आठवलेलं नाही. माझी समजूत काढत होता तो.

"ती यादी यायची ना," तो म्हणाला, "मी वाचायचो नाही फारशी. खाली सही करायचो. खरंच सांगतो, मनात काही नव्हतं."

मनात काही नव्हतं! त्यापेक्षा त्याने मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मी ज्याच्याशी चौदा वर्षं भांडत होते तो माणूस या भांडणात कधी आलाच नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी पेन उचललं.

"माझ्या मात्र आहे," मी म्हटलं, आणि त्याच्यादेखत यादीखाली सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून, तारखेसकट. तो उठला. सवयीने "धन्यवाद" म्हणाला आणि गेला. जिन्यात त्याची पावलं बराच वेळ वाजत होती. वय झालं होतं त्याचं.

घरी नवरा म्हणाला, "झालं मनासारखं?" मी म्हटलं, "झालं." मी शनिवार-रविवार छान झोपले. खोटं कशाला बोलू, खरंच छान झोपले.

सोमवारी सकाळी नऊला मी आले, तर खोलीबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली. तिशीची असेल, मांडीवर जाड पिशवी. मला बघून उभी राहिली. माझ्यामागे आत आली, पण बसली नाही.

"मॅडम, माझा वर्ग बंद झालाय," ती म्हणाली. "अनुवादाचा. सहा मुलं होती. मी तासिका तत्त्वावर आहे, तेवढा एकच होता माझा."

मी टेबलावरची यादीची प्रत ओढली आणि तिच्यासमोरच पहिल्यांदा वाचली. नऊ वर्ग होते. अनुवादाचा चौथा. 'राज्य आणि नागरिक' सातवा. माझं बोट तिच्या ओळीवरूनच खाली गेलं होतं.

"अहो, मग शुक्रवारी का नाही आलात?" मी म्हटलं.

"आले होते. साडेचारपासून इथेच होते. आधी ते सर आत गेले, मग तुमचा आवाज यायला लागला. एवढ्या रागात कसं यायचं, म्हणून थांबले. पाच वाजून गेले."

मी पटवाल्या बाईंना फोन लावला. मला उत्तर माहीत होतं, तरी लावला. "मुलं शुक्रवारीच हलवली, मॅडम," त्या म्हणाल्या. "सही होती ना तुमची."

फोन ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी कागद पुढे ओढून म्हटलं, "पुढच्या सत्रात नक्की बघू. तुमचं नाव सांगा, लिहून घेते. याआधी भेटलो नाही ना आपण?"

तिने पिशवी टेबलावर टेकवली.

"माझी मुलाखत तुम्हीच घेतलीत," ती म्हणाली. "जूनमध्ये. हातातली नोकरी सोडा, इथे या, असं तुम्हीच म्हणालात."

"हो हो," मी म्हटलं. "आठवलं."

तिने पिशवी खांद्याला लावली आणि दाराबाहेर जाऊन वळली. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. तिने ती वाचली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.