चार आणि सात

रेशमाचा धागा बोटावरून ओढला, तर खरखरीत कातडीला तो बहुधा तीन ठिकाणी अडकतो: नखाच्या कडेला, पेराच्या रेघेवर आणि सुई टोचून टोचून घट्टा पडलेल्या जागी. ताईंच्या बोटावर तो आज एकदाही अडकला नाही.

"बघ, केमिस्टबाई! दोन वर्षांनी रेशीम हाती धरलंय मी," भरतकामाच्या चौकटीवर वाकून ताई म्हणाल्या.

केमिस्टबाई म्हणजे त्यांची भावजय. ती क्रीमच्या कारखान्यात होती. तिच्या दोन नमुन्यांपैकी चार नंबरमध्ये भरपूर ग्लिसरीन होतं आणि सातमध्ये अमिनो आम्लं. ही आम्लं त्वचेत मुळातच असतात आणि पाणी धरून ठेवतात. सारखे हात धुतले की वाहून जातात. सात नंबर ती परत आणून देत होता. तीस जणांच्या हातांवर यंत्रानं ओलावा मोजून झाला होता, पण आकडे दोन्हींचे सारखेच. त्यामुळे एक निवडायचा सोडून ती सहा महिने 'आणखी एक चाचणी' म्हणत होती. सोमवारपर्यंत ठरलं नाही, तर साहेब दोन्ही नमुने गुंडाळून ठेवणार होते.

तिनं वही उघडली. "डाव्या हाताला चार, उजव्याला सात. रोज लावलंत ना?"

"छे! दोन्ही हातांना सात."

"ताई! मग ही चाचणी कसली?"

"चार चिकट आहे गं. पहिल्याच दिवशी भरतकामाच्या कापडावर डाग पडला. तो काय तुझं यंत्र पुसणार होतं?"

"आणि उरलेलं चार?"

"यांच्या टाचांना लावलं. इतक्या गुळगुळीत झाल्या, की दोनदा फरशीवर घसरले."

"तीनदा!" आतल्या खोलीतून आवाज आला.

भावजय हसून हसून बेजार झाली. मग वहीतले आकडे पुन्हा बघू लागली. तीस जणांचे हात मोजले, पण क्रीम लावून लगेच कामाला बसता येतं का, हे तिनं एकालाही विचारलं नव्हतं.

"तुझं म्हणजे लग्नाला उभी राहून मुहूर्त शोधणं," ताई म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं! एकदाचं सांगून तर टाक."

तिनं फोन लावला. पलीकडून साहेबांनी सवयीनं विचारलं, "आता कुठली चाचणी राहिली?"

"कुठलीच नाही, साहेब," ती म्हणाली. "सात नंबर करू या."