तिसऱ्या मजल्यावरचा श्रोता

इस्पितळाच्या तळघरातल्या खोलीत बसून रेडिओकाका रोज दुपारी रुग्णांशी बोलत. काकू याच इस्पितळात गेल्या, तेव्हापासून. पगार नाही, मानधन नाही. जुनी गाणी, हवापाणी आणि विनोद. विनोद इतके शिळे, की धडधाकट माणसाने आजारी पडावं. पलंगाशेजारच्या छोट्या टीव्हीवरचं बटण दाबलं की काका ऐकू येत. कुणी दाबलं तर.

नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईला सगळे नेटवाली म्हणत. नोकरी नवी, गाव नवं, जेवणाच्या सुट्टीत ती आणि तिचा डबा, दोघंच. पूर्वी काकांचा आवाज गरज असो नसो, प्रत्येक तारेतून धो धो वाहायचा आणि बाकीची कामं तुंबायची. तिने मजल्यामजल्यावरच्या स्विचच्या, म्हणजे तारा फुटतात त्या पेटीच्या, एकेका जोडावर, इंटरफेसवर, मल्टिकास्ट राउटिंग बसवलं. आता जिथून कुणी मागेल तिथेच आवाज जाणार. काम चोख झालं, पण त्यातून नको ते उघड्यावर आलं. कोण ऐकतंय आणि कोण नाही, हे स्विच सांगू लागला.

"एक जरी श्रोता असेल तर खोली राहू दे," अधीक्षक म्हणाले. "नाहीतर तिथे गाद्या ठेवू."

तिने पाहिलं. सगळे मजले कोरडे. फक्त तिसऱ्यावरून मागणी होती, रोज, न चुकता. तिचा जीव भांड्यात पडला. अधीक्षकांना कळवून ती तशीच काकांकडे धावली.

काका बदललेच. दाढी करून येऊ लागले. "तिसऱ्या मजल्यावरचे, कसे आहात?" असं म्हणून सुरुवात करू लागले. पुढे पुढे मात्र त्यांना घोर लागला.

"अगं, बाकीचे येतात नि बरे होऊन जातात. यांना अजून घरी सोडत नाहीत. दुखणं मोठं दिसतंय. जरा बघून ये ना, पोरी."

ती गेली. खाटेखाटेपाशी विचारलं. सिस्टर हसायलाच लागली. "रेडिओ? आमच्याकडे ते बटण कुठलं हेच कुणाला माहीत नाही!"

मग तिने तिसऱ्या मजल्याचा स्विच उघडून ओळ न् ओळ वाचली, आणि घोळ सापडला. चाचणीच्या वेळी तिनेच त्या इंटरफेसला सांगून ठेवलं होतं, इथे कुणीतरी ऐकतंय असं धरून चाल. ती ओळ काढायची राहून गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काकांचा सगळा जिव्हाळा रोज दुपारी एका रिकाम्या स्विचात जाऊन पडत होता. आणि इतक्या दिवसांत तिने स्वतःसुद्धा ते बटण एकदाही दाबलं नव्हतं. याची तिला जास्त लाज वाटली.

ओळ तशीच ठेवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण नसलेल्या आजाऱ्यासाठी म्हाताऱ्याने किती दिवस झुरायचं? तिने ओळ पुसली. तिसरा मजलाही कोरडा झाला. मग ती जिना उतरून तळघरात गेली.

काका बोलतच होते. तिला पाहून त्यांनी एक गाणं लावलं. तिने काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे तिथे कुणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं, काका. चूक माझी."

"आजारीही कुणी नव्हतं?"

"नाही."

"चला, सुटलो बाई," काका म्हणाले. खरंच सुटल्यासारखे म्हणाले. गाणं संपलं. त्यांनी हात लांब करून माइक बंद केला.

"बंद नका करू," ती म्हणाली. "मी ऐकते ना. वर जाऊन बटण दाबते."

"वर कशाला जातेस?" काकांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली. "बस इथे. तुझ्याशी बोलायला माइक कशाला लागतो?"